न केलेल्या कामांची सही

सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर यादी लागली आणि माझं टाळकंच सटकलं. आमच्या बॅचमध्ये अठ्ठावीस जण, त्यात मुली चार. विमान दुरुस्तीच्या कोर्सचं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं, मग दुसऱ्या वर्षी शाखा घ्यायची. बी-वन म्हणजे इंजिन, चाकं, ब्रेक, विमानाचा सांगाडा. बी-टू म्हणजे एव्हिऑनिक्स, म्हणजे वायरिंग, रेडिओ, कॉकपिटमधली यंत्रं. ज्या शाखेतून शिकाल तिचंच लायसन्स मिळतं आणि पुढे त्याच कामावर तुमची सही चालते. शुक्रवारपर्यंत आम्ही आमच्या मर्जीने फॉर्म भरायचा होता. पण यादीत आम्हा चौघींच्या नावापुढे बी-टू आधीच छापून मोकळे झाले होते. विचारलं कोणी? कोणीच नाही.

मी तेजस्वी हरिचंद्र भोईर, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व. आमच्या गावात आता शेतांपेक्षा टॉवर जास्त झालेत आणि प्रत्येक टॉवरच्या खाली एक पंप आहे, जो नेमका मे महिन्यात बिघडतो. ते पंप माझे बाबा दुरुस्त करतात. मी सहावीत असल्यापासून त्यांच्या हातात पाने-पकडी देत आले. बेअरिंग गेलंय की अजून काही, ते मी आवाजावरून सांगते, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर सांगते. मला बी-वन हवं होतं आणि ते मी अ‍ॅडमिशनच्या दिवशीच सांगितलं होतं.

आता कोणी म्हणेल, हिला एव्हिऑनिक्स म्हणजे हलकं काम वाटतं. अजिबात नाही. माझी मैत्रीण प्राची, उल्हासनगर कॅम्प पाचची, वायरिंग बोर्डसमोर बसली की जेवायचं विसरते. एवढ्याशा तारेतला दोष ती शोधून काढते आणि मला तिथे तासभर डोळे चोळत बसावं लागतं. तिला बी-टू हवंच होतं, तिला ते मिळालं, चांगलं झालं. मला नको होतं. एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरत नाही याचाच मला राग येतो.

मी तशीच मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेले. मोठे सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"बी-वनला शेडमधली आठ कामं झालेली असावी लागतात," ते म्हणाले. "चाक काढणं, बसवणं, ब्रेक तपासणं वगैरे. तुझ्या लॉगबुकमध्ये आठही जागा रिकाम्या आहेत."

"सर, रिकाम्या आहेत कारण आम्हाला शेडमध्ये नेलंच नाही."

हे खरं होतं. बदलापूरच्या बाहेर आमची संस्था. पुढे वर्गांची इमारत, मागे पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये उभं एक जुनं, कधीच न उडणारं दोन इंजिनांचं विमान. दर बुधवारी मुलगे बॉयलर सूट चढवून तिकडे जायचे. आम्हा चौघींना लॅबमध्ये मल्टिमीटर देऊन बसवायचे. वर्षभर. विचारलं की एकच उत्तर, शेडमध्ये मुलींना कपडे बदलायला खोली नाही.

"खोली नाही हे तुम्हाला माहीत आहे," मोठे सर म्हणाले. "आणि एव्हिऑनिक्स मुलींना बरं पडतं. हात काळे होत नाहीत. तुझ्या भल्याचं सांगतोय."

माझं भलं. माझ्या भल्याचं एवढं पडलं होतं तर वर्षभरात एक पडदा लावता आला नाही?

"सर, आज सोमवार आहे. चार दिवस द्या, मी आठही कामं करून दाखवते."

"शेड दुसऱ्या बॅचला दिली आहे," ते म्हणाले आणि फोन उचलला. म्हणजे काम करू द्यायचं नाही आणि मग काम केलं नाही म्हणून शाखा द्यायची नाही. मी बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. ते दुःखाचं नव्हतं. मला संतापाने रडू येतं, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. बाबांनी फक्त विचारलं, "तुमचे मोठे सर कुठचे?" मी म्हटलं, मला काय माहीत. तिथेच मला कळायला हवं होतं.

कारण आमच्या गावाला एक सवय लागली आहे. जमिनी विकायला लागल्या तेव्हा प्रत्येक घराने एक गोष्ट शिकून घेतली, ती म्हणजे कागद. सातबाऱ्यावर नाव नाही? ओळख काढा, कागद करून घ्या. मोजणी झाली नाही? झाली असा कागद करून घ्या. प्रत्यक्षात जमिनीवर काय आहे ते बघायला कोणी जात नाही, कागद झाला की काम झालं. बाबा मनाने सरळ माणूस आहेत, पण या बाबतीत तेही पालेगावचेच.

बुधवारी संध्याकाळी ते घरी आले ते हसतच. हातात माझं लॉगबुक. माझं लॉगबुक संस्थेच्या कपाटात असतं, ते यांच्या हातात कसं, याचा विचार करेपर्यंत त्यांनी ते माझ्यासमोर उघडून धरलं.

"हे घे बाय. झाला तुझा काम."

मोठ्या सरांचे साडू आमच्या ओळखीतले निघाले होते. बाबा त्यांना घेऊन, पेढे घेऊन, संस्थेत जाऊन आले होते. आणि लॉगबुकमध्ये आठच्या आठ कामांपुढे विनीत सरांची सही होती. विनीत सर म्हणजे आमचे प्रॅक्टिकलचे सर, शेडमधली कामं त्यांच्याच देखरेखीखाली होतात. चाक काढणं आणि बसवणं, सही. ब्रेकची झीज मोजणं, सही. इंजिनात कॅमेरा घालून आतली पाती तपासणं, सही. प्रत्येकापुढे वेगवेगळी तारीख, तीही बुधवार बघून टाकलेली. काय पण कष्ट घेतले होते. प्रत्येक ओळीत शेवटचा एक रकाना मोकळा होता, शिकणाऱ्याच्या सहीचा.

"तू आठ सह्या कर, शुक्रवारी फॉर्म दे, तुना बी-वन," बाबा म्हणाले. "बोलनं झालंय."

आईने त्यांनी आणलेला पेढ्याचा दुसरा पुडा उघडला. मला बी-वन मिळालं होतं. मला जे हवं होतं तेच, माझ्यासमोर, सही करायची खोटी. आणि मला असं वाटलं की कोणीतरी कानाखाली वाजवली आहे.

"बाबा, मी हे चाक हातात धरलेलं नाही."

"मग पुढे धरशील की. दोन वर्षं पडली हायत."

"पण इथे लिहिलंय की धरलं."

"लिवलेला असतो तसा," बाबा म्हणाले. "सगळीकडं असतो."

मी लॉगबुक मिटलं आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. मग जे सुरू झालं ते गुरुवारी दिवसभर चाललं. धर्मेश, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "तेरा प्रॉब्लेम क्या है, चाहिए था ना बी-वन? मिळालं ना? आता कशाला नाटकं?" आई म्हणाली, बाबांनी तुझ्यासाठी लोकांचे पाय धरले, त्यांची काही किंमत ठेव. दुपारी प्राचीचा फोन आला. मोठे सर हुशार, एकीलाच सवलत दिली असं कोणी बोलू नये म्हणून त्यांनी चौघींच्या लॉगबुकात विनीत सरांच्या सह्या ठोकून घेतल्या होत्या.

"मी केल्या सह्या," प्राची म्हणाली. "मला तसंही बी-टूच घ्यायचंय, मला त्या चाकाशी काय करायचंय? तू उगाच तमाशा करू नकोस. तुझं पुस्तक उघडलं तर आमचंही उघडेल."

"तू न केलेल्या कामावर सही केलीस, प्राची."

"सगळ्यांनी केली."

"सगळ्यांनी नाही. मी नाही केली."

तिने फोन ठेवला. आम्ही वर्षभर एका डब्यात जेवलो होतो. मला तिचा राग आला आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला समजत नाही.

संध्याकाळी वेणूआत्या आली. वेणूआत्या बाबांची मोठी बहीण, शेजारच्याच गावात दिलेली. बाबांनीच तिला बोलावून घेतलं असणार, कारण माझं तिच्याशी जमतं. ती माझ्या बाजूला बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "कर ना बाय सही. काय जातंय आपला? मी नाय केली?"

आत्या कोणत्या सहीबद्दल बोलत होती ते सगळ्यांना माहीत होतं. आजोबा गेले आणि जमीन बिल्डरला द्यायची ठरली, तेव्हा आत्याला तहसील कचेरीत नेऊन हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली. बहिणीने वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची, ही आमच्याकडची रीत. कागद वाचून दाखवला नाही. तिनेही विचारलं नाही. भावाने बोट ठेवलं तिथे तिने नाव लिहिलं आणि साडी घेऊन घरी गेली.

"तुझं काय गेलं ते बाहेर चौदा मजले उभं आहे आत्या," मी म्हटलं. "जा गच्चीवर, दिसेल."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आत्या चिडेल. ती चिडली नाही. सावकाश म्हणाली, "व्हय. आन त्याच पैशातना तुझी फी भरली बाय. मना म्हाईत हाय."

मी जिच्या बाजूने भांडते असं मला वाटत होतं, तिच्याच सहीवर माझं शिक्षण चाललं होतं. मला आतून शरम वाटली, अगदी मान वर करवेना. पण राग गेला नाही, उलट वाढला. या घरात बायकांनी बोट ठेवलं तिथे सही करायची, पुढचं कोणी बघायचं नाही, आणि आता माझी पाळी आली होती.

"म्हणूनच नाही करणार," मी म्हटलं. मग बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही मोटर बसवता. वरच्या टाकीत पाणी पडताना बघितल्याशिवाय सोसायटीतून निघता का?"

"नाय."

"वॉचमन म्हणाला पडतंय, तर?"

"मी जिना चढून बगतो."

"का?"

"माझा काम हाय म्हणून," बाबा म्हणाले.

"हे माझं आहे. आणि विमानात माणसं बसतात."

ते उठून बाहेर गेले. आत्याने निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. धर्मेश म्हणाला, "आता भोग." मी लॉगबुक पिशवीत घातलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. सही केली नाही तर शुक्रवारी बी-टू, आणि बी-टू एकदा घेतलं की संपलं.

शुक्रवारी सकाळी मी निघाले तर बाबा शर्ट बदलून दारात उभे. "चल," एवढंच म्हणाले. आम्ही रिक्षात बसलो. ते कोणाच्या बाजूने यायला निघालेत हे मला संस्थेच्या गेटपाशी पोचलो तरी कळलं नव्हतं.

केबिनमध्ये मोठे सर होते आणि विनीत सरही. मोठ्या सरांनी बाबांना खुर्ची दिली, चहा सांगितला. पेढ्यांचा परिणाम.

"झाल्या का सह्या?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या धंद्यात एक नियम असतो आणि तो पहिल्या आठवड्यात शिकवतात. लॉगबुकमधलं पान फाडायचं नाही. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकीची नोंद असेल तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी खरं काय ते लिहून सही आणि तारीख टाकायची. चूक लपत नाही, ती तशीच दिसत राहते. हे मला विनीत सरांनीच शिकवलं होतं, आणि मी त्या वेळी वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवलं होतं.

मी टेबलावरची पट्टी उचलली. लॉगबुक उघडलं आणि आठही ओळींवर एकेक रेघ मारली. प्रत्येकीपुढे लिहिलं, काम केलेलं नाही. खाली सही, तारीख. आठ वेळा. मला वाटतं चौथ्या ओळीपर्यंत मोठ्या सरांना मी काय करते तेच समजलं नाही.

"वेडी झालीस का?" ते उठलेच. "हे नंबर पडलेलं पुस्तक आहे. तपासणीला आलेला माणूस हे वाचणार. तू संस्थेचं नाव घालवलंस."

"मी नाही घालवलं सर. मी एकही खोटी ओळ लिहिलेली नाही. त्या आठ तुमच्याकडच्या आहेत."

विनीत सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते वाईट माणूस नाहीत, हेच तर जास्त चीड आणणारं आहे. त्यांनी मला इतकं चांगलं शिकवलं आणि वरून फोन आला तर आठ सह्या करून टाकल्या.

मोठे सर बाबांकडे वळले. "भोईर, तुम्ही समजवा मुलीला. तुमच्याच सांगण्यावरून केलं आम्ही हे."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "व्हय. मी मागितली सही. चूक झाली माझी," ते म्हणाले. "पन मी पंपवाला मानूस. मना इमानातला काय कळतंय? तुमाला कळतंय ना? मग तुमी दिली कशी?"

बाबांनी उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाले, "आता तिच्याकडना काम करून घ्या. खराखुरा."

मोठ्या सरांनी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. तपासणीचा माणूस त्यांना दिसत असावा. मग सांगितलं की या बॅचची बी-वनची मुदत आज संपते, आज आठ कामं होणं शक्य नाही. पुढची बॅच सहा महिन्यांनी. तोपर्यंत थांबायचं असेल तर फॉर्म देऊ नकोस, शेडमधली कामं रविवारी येऊन कर. नाहीतर आत्ता बी-टूवर सही कर आणि सोमवारपासून वर्गात बस.

सहा महिने. वर्षभर शेडच्या दाराबाहेर ठेवलं त्यांनी, आणि दंड मला. मी फॉर्मचे चार तुकडे केले. फॉर्म फाडायला नियमात मनाई नाही.

मुलगे दुसऱ्या वर्षाला गेले. प्राचीही गेली. पालेगावात विचारायला लागले, हरीची पोरगी नापास झाली काय? आई आधी लाजायची, मग विचारणाऱ्यांशी भांडायला लागली. आणि त्या पहिल्या रविवारी मी बॉयलर सूट घरूनच घालून निघाले. पालेगाव ते बदलापूर रिक्षात बॉयलर सूट घालून बसले, रिक्षावाल्याने आरशात दोनदा बघितलं, झालं. ज्या खोलीसाठी माझं वर्ष गेलं, तिची गरज संपायला दोन मिनिटं लागली. हे कोणालाच सुचलं नव्हतं असं मला सांगू नका. कोणाला सुचू द्यायचंच नव्हतं.

शेडमध्ये विनीत सर एकटेच होते. मी कामाला लागले. चाकांना लाकडी ठोकळे लावले, जॅक लावला, टायरमधली हवा सोडली. नट काढला. चाक ओढून घेताना माझ्या खांद्यात कळ आली, इतकं ते जड. सर पुढे झाले, मी नको म्हटलं. बेअरिंग पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, नवं ग्रीस भरलं. मग चाक परत चढवलं. एका हाताने चाक फिरवत दुसऱ्याने नट आवळायचा, मग सैल करायचा, मग ठरलेल्या मापाला पुन्हा आवळायचा आणि वरून पिन घालून ती वाकवायची, म्हणजे नट फिरत नाही. पहिल्यांदा पिनचं भोक जुळलं नाही. पुन्हा केलं. दोन तास लागले, मुलांना म्हणे चाळीस मिनिटं लागतात. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मी सकाळपासून एकदाही कोणावर चिडले नव्हते.

"झालं, सर."

"छान," विनीत सर म्हणाले. ते पाच पावलांवर स्टुलावर बसले होते. तिथूनच त्यांनी लॉगबुक मांडीवर ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि नवी ओळ शोधली.

मी पुढे गेले आणि माझा काळा हात त्या पानावर ठेवला. पानावर चार बोटं उठली.

"सर, आधी बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेन खिशाला लावलं. मग स्टुलावरून उठून चाकाजवळ आले, जमिनीवर गुडघे टेकले आणि बॅटरी मागितली.